व्हॅनिलाची शेंग वाळवू नका, मुरवा: हिरव्या शेंगेपासून सुगंधापर्यंतचं क्युरिंग

पूर्ण तयार झालेली हिरवी व्हॅनिलाची शेंग मोडून नाकाशी धरली तर काकडीसारखा, कच्च्या पाल्याचा वास येतो. आइस्क्रीमचा नाही. इथेच पहिल्यांदा शेंगा धरलेल्या बागायतदाराची गफलत होते. वास वाळल्यावर येईल असं समजून तो शेंगा मिरचीसारख्या अंगणात पसरतो आणि महिन्याभराने हाती येतात तांबूस, कडक, वास नसलेल्या काड्या. वर्षभर वेल सांभाळला, एकेक फूल हाताने फळवलं, आणि माल शेवटच्या टप्प्यात गेला.

असं का होतं हे कळलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. व्हॅनिला हे ऑर्किड आहे आणि त्याचा मुख्य सुगंध म्हणजे व्हॅनिलिन हे फिनॉल गटातलं संयुग. हिरव्या शेंगेत ते मोकळं नसतं. ग्लुकोजच्या एका रेणूशी बांधलेलं असतं, त्या जोडीला ग्लुकोव्हॅनिलिन म्हणतात आणि तिला वास नाही. ही गाठ सोडवतं बीटा-ग्लुकोसिडेज नावाचं एन्झाइम. तेही शेंगेतच असतं, पण वेगळ्या कप्प्यात. म्हणजे पेशींच्या भिंती मोडून दोघांची गाठ घालून द्यायची आणि मग त्यांना काही दिवस ऊब आणि ओल पुरवायची, एवढंच आपलं काम. शेंग झटकन वाळली तर पाण्याअभावी एन्झाइम थांबतं. उकळली तर ते मरतं. गार पडली तर बुरशी आधी पोचते. शेंग आधी मुरली पाहिजे, वाळणं त्याच्या मागून येतं.

खालची पद्धत मादागास्कर-रियुनियनकडची, बूर्बाँ नावाने ओळखली जाणारी. भारतातही बहुतेक ठिकाणी हीच वापरतात. मापं ५ किलो हिरव्या शेंगांच्या हिशेबाने दिली आहेत. याहून कमी माल असेल तर उष्णता टिकवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, ते त्या त्या जागी येईल.

१. तोडणीआधीची जमवाजमव

शेंगा तोडल्यावर सामानाच्या मागे धावू नका. आधी एवढं हाताशी ठेवा:

- सळईचा डिजिटल थर्मामीटर
- १५ ते २० लिटरचं स्टीलचं पातेलं (लोखंडी नको, फिनॉल गटातली संयुगं लोखंडाशी संपर्क आला की काळीनिळी पडतात)
- पातेल्यात मावेल अशी भोकांची टोपली किंवा जाळीची पिशवी
- झाकणाचा जाड थर्माकोलचा खोका, किंवा आतून घोंगडी लावलेली लाकडी पेटी
- दोन काळ्या लोकरीच्या घोंगड्या
- धुतलेलं सुती मलमल, चार-पाच मीटर
- ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि एक वही
- रबरी हातमोजे

हातमोजे शोभेचे नाहीत. हिरव्या शेंगेच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. किलोभर शेंगा हाताळल्या की बोटांना खाज सुटते आणि त्याच हाताने डोळा चोळला तर मग बघायलाच नको.

घोंगडीबद्दल दोन शब्द. काळी लोकर उन्हात पटकन तापते आणि ऊब धरून ठेवते, म्हणून आपल्याकडची हातमागाची घोंगडी या कामाला अगदी योग्य. पण नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ओल्या शेंगा तिच्यावर ठेवल्या की खळीला बुरशी धरते आणि ती शेंगेवर चढते. दोनदा भिजवून, खळ निघेपर्यंत धुऊन, कडक उन्हात वाळवा. जुनी असेल तर वास घेऊन पाहा. पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली घोंगडी कितीही धुतली तरी वापरू नका, तो वास शेंग ओढून घेते.

थर्मामीटर तपासा: किसलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात सळई धरा, ० दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्यात कोकणपट्टीत १०० च्या आसपास दिसेल. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ लाच उकळतं, तिथे थर्मामीटर बिघडलाय असं समजू नका.

२. कोणती शेंग तोडायची

फूल फळवल्यावर शेंग सहाएक आठवड्यांत पूर्ण लांबीची होते आणि तिथेच फसगत होते. लांबी भरली म्हणजे शेंग तयार नव्हे. आत ग्लुकोव्हॅनिलिन साठायला पुढचे कित्येक महिने लागतात. परागीकरणापासून साधारण नऊ महिने धरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळवलेल्या शेंगा नोव्हेंबर-डिसेंबरकडे तयार होतात. उन्हाच्या दृष्टीने हा काळ आपल्याकडे चांगला पडतो.

खूण टोकाला पाहायची, देठाकडे नाही. गडद हिरवा रंग फिका पडतो आणि शेंगेचं खालचं टोक पिवळट होऊ लागतं. टोकाचा अर्धा-एक सेंटिमीटर पिवळा दिसला की तोडा. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. पिवळेपणा वर सरकला की शेंग टोकाकडून दुभंगते. फुटलेल्या शेंगेला वास येतो, पण तिचा भाव जातो आणि फटीत बुरशी शिरते.

एका घोसातली फुलं वेगवेगळ्या दिवशी उमलतात, त्यामुळे शेंगाही एकदम तयार होत नाहीत. अख्खा घोस कापणं ही सर्वांत महागडी चूक. दोन-तीन दिवसांआड फेरी मारा आणि एकेक शेंग देठाशी हलकी वळवून तोडा. परागीकरणाच्या वेळी घोसाला तारखेची चिठ्ठी बांधली असेल तर काम अर्धं होतं.

कोवळी शेंग पुढे कोणत्याही कसबाने सुधारत नाही. जे आत साठलंच नाही ते सुटणार कुठून?

३. धुणं, निवडणं, वजन

तोडल्यापासून तीन-चार दिवसांत प्रक्रिया सुरू करा. ढीग करून किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आतून तापून डाग पडतात. सावलीत, एका थरात, हवेशीर जागी ठेवा.

साध्या पाण्याने धुवा, निथळू द्या आणि लांबीप्रमाणे चार वाटे करा: १५ सेंटिमीटरहून लांब, १० ते १५, १० हून आखूड, आणि फुटलेल्या किंवा डागाळलेल्या. ही निवड बाजारासाठी तर आहेच, पण लांब-जाड शेंगेला उष्णता आत पोचायला वेळ लागतो, म्हणूनही आत्ताच करायची. चारही वाटे शेवटपर्यंत वेगळे चालवा.

प्रत्येक वाट्याचं वजन वहीत लिहा. आता ५० ग्रॅम शेंगा बळी द्या: पातळ चकत्या करून ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा ९ ग्रॅम उरले. म्हणजे शेंगेत १८ टक्के घन भाग आहे आणि बाकी पाणी. ५ किलोत घन भाग ९०० ग्रॅम. तयार शेंगेत २८ टक्के ओलावा हवा असेल तर ९०० ला ०.७२ ने भागा, उत्तर येतं १२५० ग्रॅम. हा आकडा वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे वाळवणं कधी थांबवायचं ते हाच सांगेल, डोळ्यांचा अंदाज नाही. हिरव्या शेंगेत पाणी साधारण ८० ते ८५ टक्के असतं, त्यामुळे तुमचा आकडा यापासून फार लांब आला तर गणित किंवा काटा पुन्हा तपासा.

४. गरम पाण्यात बुडवणं

पाणी ६३ ते ६५ अंश सेल्सिअस. यात सूट नाही.

एका वेळी एक किलो शेंगा आणि त्यांना दहा लिटर पाणी. पाणी कमी घेतलं तर गार शेंगा पडताच तापमान कोसळतं. पाच लिटरात किलोभर शेंगा टाकल्या तर पाणी ६५ वरून ६० च्याही खाली येऊ शकतं आणि वेळ मोजण्याला अर्थ उरत नाही. दहा लिटरात ही घसरण तीन-चार अंशांवर थांबते.

१. पाणी ६५ अंशांवर आणा, गॅस अगदी मंद करा, ढवळून पुन्हा मोजा. तळाशी आणि वर वेगळं तापमान असतं.
२. शेंगांची टोपली पूर्ण बुडवा. लांब शेंगांना ३ मिनिटं, मधल्यांना अडीच, आखूड आणि फुटलेल्यांना २.
३. टोपली हलवत राहा. तापमान ६३ च्या खाली गेलं तर आच वाढवा.
४. बाहेर काढून अर्धा मिनिट निथळा, त्याहून जास्त नाही. पुढच्या पायरीला ही ऊबच भांडवल आहे.
५. दुसरी खेप टाकण्याआधी पाणी परत ६५ वर आणा.

सावधान: «थोडं जास्त गरम असलं तर काय बिघडतं» असं म्हणून ८० अंशांच्या पाण्यात टाकलेल्या शेंगा नंतर काळ्या झाल्या तरी वास धरत नाहीत. तपकिरी रंग आणणारं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम उष्णतेला चिवट आहे, व्हॅनिलिन सोडवणारं तेवढं नाही. त्यामुळे रंग पाहून समाधान होतं आणि फसगत कळायला महिना जातो.

उलट बाजूने, पाणी ५५ अंशांचं असेल तर पेशी नीट मोडत नाहीत आणि शेंग जिवंत राहून टोकाकडून पिकत, फुटत जाते.

५. घाम आणणं: पहिले ४८ तास

थर्माकोलचा खोका आधीच गरम करून ठेवा. आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या तासभर ठेवल्या की पुरे. निथळलेल्या गरम शेंगा मलमलीत, मग घोंगडीत घट्ट गुंडाळा, सळई मधोमध खुपसा, खोक्यात ठेवून झाकण लावा.

पहिले २४ तास गाठोड्याच्या मध्यभागी ४५ ते ५० अंश टिकले पाहिजेत. पाच किलोचं गाठोडं स्वतःची ऊब बऱ्यापैकी धरतं. किलो-दोन किलोचं धरत नाही. तिथे दर चार-पाच तासांनी गरम पाण्याच्या बाटल्या बदला, रात्री गजर लावून. घाटमाथ्यावर डिसेंबरातल्या थंडीत हे विसरलात तर सकाळी गाठोडं ३० वर आलेलं असतं आणि दोन दिवसांत आंबूस वास सुरू होतो. बाटली शेंगांना थेट टेकवू नका, मध्ये घोंगडीचा पदर हवा.

तपासणी: २४ तासांनी उघडा. शेंगा मऊ, ओलसर, चॉकलेटी तपकिरी दिसल्या पाहिजेत, अंगावर घामासारखं पाणी. वास मनुकांकडे झुकणारा. काही शेंगा हिरव्याच राहिल्या असतील तर त्यांना उष्णता पोचलेली नाही. त्या वेगळ्या काढून पायरी ४ पुन्हा करा, एकदाच. बाकीच्या पुसून कोरड्या मलमलीत बांधा आणि आणखी २४ तास ठेवा. ओली मलमल तशीच वापरणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

६. दुपारी ऊन, रात्री पेटी: ७ ते १० दिवस

या टप्प्यात सगळ्यात जास्त माल बिघडतो, कारण काम वाळवण्यासारखं दिसतं. तसं ते नाही. ऊन इथे शेंग तापवण्यासाठी आहे.

जमिनीपासून वर, बाजेवर किंवा बाकावर घोंगडी पसरा. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर थेट नको, खालून भाजतं. घोंगडी आधी अर्धा तास एकटीच उन्हात तापू द्या. साधारण ११ वाजता मलमलीवर शेंगा एका थरात मांडा. तासभर उघड्या ठेवा आणि एकदा उलटा. मग घोंगडीची दुसरी बाजू वर ओढून झाका आणि तशाच तास-दोन तास उन्हात ठेवा. झाकलेल्या शेंगांत सळई घालून पाहा, ५० अंशांच्या आसपास आलं की गरम असतानाच गुंडाळी करून खोक्यात. संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवाल तर शेवटच्या दोन तासांत मिळवलेली ऊब निघून जाईल आणि शेंग मात्र सुकेल.

रोज हेच. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंगेवर उभ्या सुरकुत्या येतात, बोटांना तेलकट लागतं आणि खोका उघडताच वास ओळखू येतो.

ढगाळ दिवस आला तर शेंगा बाहेर काढून ओलसर हवेत ठेवू नका. गुंडाळलेल्या अवस्थेतच ड्रायरमध्ये ४५-५० अंशांवर दोन-तीन तास ठेवा आणि खोक्यात परत. ड्रायर नसेल तर गरम बाटल्या. घरातला ओव्हन वापरायचा तर आधी रिकामा चालवून मोजा. ५० वर लावलेला काटा आत ७० दाखवतो असे ओव्हन कमी नाहीत.

रोज खोका उघडल्यावर आधी वास, मग डोळे. आंबट किंवा कुजकट वासाची, बोटाला चिकट बुळबुळीत लागणारी शेंग त्याच क्षणी बाहेर. एकीमुळे गाठोडं जातं.

७. सावलीतलं संथ वाळवण: तीन ते चार आठवडे

आता वजन सावकाश उतरवायचं. हवेशीर, अंधारी खोली, बांबूच्या किंवा प्लास्टिक जाळीच्या ट्रेंवर एक थर, दोन ट्रेंमध्ये वीतभर अंतर. पंखा असेल तर भिंतीकडे तोंड करून, थेट शेंगांवर नको. स्वयंपाकघराशेजारची खोली टाळा. फोडणी, सुकी मासळी, अगरबत्ती, सगळ्याचे वास शेंग घेते.

दोन-तीन दिवसांनी प्रत्येक शेंग देठाकडून टोकाकडे बोटांत धरून हलकी ओढा. ती सरळ होते आणि आतलं तेल सालीवर सारखं पसरतं. कंटाळवाणं काम आहे, पण वाकड्या, ठिपकेदार शेंगा आणि चकचकीत शेंगा यांतला फरक बराचसा इथेच पडतो. रोगट शेंगाही याच वेळी हाताला कळतात.

आठवड्यातून दोनदा वजन. बारीक शेंगा आधी तयार होतात, त्या आधी काढा. वाटे वेगळे ठेवायला सांगितले ते यासाठीही.

थांबायचं कधी? वहीतला आकडा आला की. वरच्या उदाहरणात ५ किलोचे १२५० ग्रॅम. अर्क काढणाऱ्यांना द्यायच्या असतील तर १२०० पर्यंत, म्हणजे २५ टक्के ओलाव्यापर्यंत उतरवा. १३०० च्या वर थांबलात तर डब्यात बुरशी येणार हे धरून चाला.

हाताची परीक्षा: तयार शेंग बोटाला गुंडाळता येते, तडकत नाही, आणि सोडल्यावर हळूहळू सरळ होते. दाबल्यावर पाण्याचा थेंब दिसला तर अजून वेळ आहे. कडकन मोडली तर उशीर झालाय. तशी शेंग ओलावून परत मऊ करायच्या भानगडीत पडू नका, ती अर्कासाठी ठेवा.

८. पेटीत मुरवणं: किमान तीन महिने

सारख्या लांबीच्या ५० शेंगांची जुडी करा, सुती दोऱ्याने मधोमध आणि दोन्ही टोकांना बांधा. रबरबँड नको, रबराचा वास उतरतो. जुडी बटर पेपरमध्ये गुंडाळून टिनच्या किंवा लाकडी डब्यात, डबा अंधाऱ्या थंड जागी. फ्रिजमध्ये ठेवू नका.

या महिन्यांत सुटलेल्या व्हॅनिलिनच्या सोबतीला बाकीचे वास तयार होतात. नुसतं व्हॅनिलिन कारखान्यातही बनतं आणि ते शेंगेसारखं लागत नाही, त्याचं कारण हेच सोबती. घाई असेल तर तीन महिन्यांआधीही विकता येईल, पण वास एकसुरी राहतो.

पहिला महिना दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी डबा उघडून जुडी सोडून पाहा. पांढरं काही दिसलं की घाबरून फेकू नका आणि आनंदाने उड्याही मारू नका, भिंग घ्या. बारीक, चकाकणाऱ्या सुया दिसल्या आणि स्पिरिटच्या थेंबाने त्या विरघळल्या तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उत्तम लक्षण. कापसासारखा मळकट थर, देठाशी जास्त, कुबट वास, तर ती बुरशी. ठिपकाभर असेल तर खाद्य वापराच्या अल्कोहोलने पुसून दोन दिवस सावलीत उघडी ठेवा आणि वेगळ्या डब्यात घाला. थर आत शिरला असेल तर पुसत बसू नका, शेंग टाकून द्या आणि जुडीतल्या बाकीच्यांचं पुन्हा वजन करा. बहुधा त्या अजून ओल्याच असतात.

९. तरीही वास आला नाही, तर

तयार शेंगेत कोरड्या वजनाच्या साधारण २ टक्के व्हॅनिलिन असतं, म्हणजे नाक चुकणार नाही एवढं. ते नसेल तर चूक पुढच्यांपैकी एक असते.

शेंग तांबूस, हलकी, लाकडासारखी: कोवळी तोडली किंवा पहिल्याच आठवड्यात वाळवून टाकली. वही पाहा. दहाव्या दिवशीच वजन निम्म्याच्या खूप खाली गेलं असेल तर दुसरं कारण, नसेल तर पहिलं.

काळीभोर, मऊ, पण वास फिका: पाणी फार गरम होतं.

वास आहे पण तळाशी आंबूसपणा: पहिल्या ४८ तासांत गाठोडं गार पडलं किंवा मलमल बदलली नाही.

टोकं फुटलेली, बाकी सगळं ठीक: तोडणी उशिरा झाली. अशा शेंगा, तुटक्या आणि कडक झालेल्यांसह, अर्काला चांगल्या. एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, १०० ग्रॅम तुकड्यांना एक लिटर व्होडका, काचेची बाटली, अंधारी जागा. आठवड्यातून एकदा हलवा आणि दोन महिन्यांनी गाळा. अल्कोहोल ३५ टक्क्यांच्या खाली जाईल इतकं पाणी मिसळू नका. आपल्याकडची व्होडका बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, ती तशीच ओतली तरी चालते.